शहापूर-मुरबाडची जमीन आणि नोटरीचा शिक्का

शनिवार-रविवारी नाशिक महामार्गाने शहापूरकडे किंवा माळशेजच्या वाटेने मुरबाडकडे जाणाऱ्या मुंबई-ठाणेकरांना तेथे आपलीही दहा-पंधरा गुंठे जमीन असावी, असे वाटू लागते. दलाल स्टॅम्प पेपरवर करार करून देतो, त्यावर नोटरीचा शिक्का बसतो आणि जमीन आपली झाली, अशा समजुतीत खरेदीदार घरी परततो. ही समजूत महागात पडू शकते.

नोटरी कायदा, १९५२ अन्वये नेमलेला नोटरी सही करणाऱ्याची ओळख पटवून दस्त प्रमाणित करतो आणि आपल्या वहीत नोंद ठेवतो. विकणारा खरा मालक आहे काय, सातबारावर बोजा आहे काय, हे पाहणे त्याचे काम नव्हे. फ्रान्स वा इटलीत घर घेणाऱ्यांचा अनुभव वेगळा असतो. तेथील नोटरी मालकी तपासतो, खरेदीचा दस्त स्वतः तयार करतो व त्याची सरकारदरबारी नोंदही करवतो. नाव एकच असल्याने गल्लत होते.

आपल्याकडे शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेचे खरेदीखत नोंदणी कायदा, १९०८ नुसार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. केवळ कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये 'सूरज लॅम्प' खटल्यात स्पष्ट केले. अर्थात, नोंदणी झाली म्हणजे मालकीची हमी मिळाली असेही नाही. जुने फेरफार पाहून वकिलाकडून शोध अहवाल घेणे खरेदीदारालाच भाग आहे.

या भागात आणखी एक अडचण आहे. शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या पूर्वपरवानगीविना घेता येत नाही. तसा व्यवहार झाल्यास जमीन मूळ मालकाला परत देण्याची तरतूद जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मध्ये आहे. नोटरीचा शिक्का तेथे काहीच कामाचा नाही. शेतजमीन घेणारा शेतकरी नसेल, तर कूळकायद्याचे कलम ६३ आडवे येते, ते निराळेच.

मग नोटरी लागतो कोठे? एखादा वारस अमेरिकेत असेल, तर त्याचे मुखत्यारपत्र तेथील नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करावे लागते. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्याराच्या नावे आलेला असा कागद कपाटात पडून राहिला आणि मुदत टळली, तर दंडाचा भुर्दंड पडतो.