नाममुद्रा आणि निर्माता : सौर इन्व्हर्टरच्या इतिहासातील एक प्रश्न

वस्तूवर छापलेले नाव हे ती घडविणाराचे नाव असते, असा सामान्य समज आहे. व्यापाराच्या इतिहासात मात्र हा समज थोड्या वस्तूंच्या बाबतीत आणि थोड्या काळापुरताच खरा ठरलेला दिसतो. सौरपट्टांपासून मिळणाऱ्या एकदिश विद्युत्प्रवाहाचे घरगुती वापरास योग्य अशा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारे इन्व्हर्टर हे यंत्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ते बाजारात अनेक नावांनी विकले जाते. परंतु ते घडविणारे कारखाने नावांच्या मानाने फार थोडे आहेत. कारखान्याने स्वतःच्या आराखड्याप्रमाणे यंत्र तयार करावे आणि विक्रेत्याने त्यावर आपले नाव छापावे, या पद्धतीच्या मालास 'व्हाइट लेबल', म्हणजे कोऱ्या चिठ्ठीचा माल, असे म्हणतात. अशा मालाचा निर्माता कशावरून ओळखावा आणि तो ओळखण्याचे प्रयोजन काय, या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

ही पद्धत नवी नव्हे. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून मुंबईस येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत तिकिटे चिकटविलेली असत. त्यांवर देवदेवतांची चित्रे आणि रॅली ब्रदर्स किंवा ग्रॅहम यांसारख्या व्यापारी पेढ्यांची नावे असत. चित्र पाहून गिऱ्हाईक माल ओळखी. तो कोणत्या गिरणीत विणला गेला हे त्याला बहुधा कळत नसे. पुढे १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटने मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट संमत केला. परदेशी माल ब्रिटिश म्हणून खपविला जाऊ नये, हा त्याचा हेतू होता. 'मेड इन जर्मनी' ही प्रसिद्ध पाटी त्यातूनच रूढ झाली. हिंदुस्थानात त्याच धर्तीचा कायदा १८८९ साली झाला. या पाटीची वाक्यरचना लक्षात घेण्यासारखी आहे. तिच्यात कर्मणि प्रयोग आहे व अधिकरण आहे; कर्ता मात्र लुप्त आहे. माल कोठे झाला हे कायद्याने विचारले. कोणी केला हे विचारले नाही. कर्त्याचा हा लोप पुढील शतकात व्यापारास सोयीचा ठरला.

सौर इन्व्हर्टरच्या आरंभकाळात हा प्रश्न ठळकपणे उद्भवला नव्हता. जर्मनीतील कासेल येथे, तेथील विद्यापीठाच्या परिसरातून, १९८१ साली एसएमए ही कंपनी निघाली. तिने १९९१ मध्ये आपला पहिला सौर इन्व्हर्टर आणि १९९५ मध्ये 'सनी बॉय' हे यंत्र बाजारात आणले. आराखडा, कारखाना, नाममुद्रा आणि हमी ही चारही अंगे तेव्हा एकाच ठिकाणी नांदत होती. पुढे यंत्रांचा खप वाढला, उत्पादनाचे केंद्र पूर्व आशियाकडे सरकले आणि ही अंगे परस्परांपासून सुटी झाली.

तैवानमधील व्होल्ट्रॉनिक पॉवर या कंपनीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. २००८ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा व्यवसायच मुळी इतरांच्या नावाने विकली जाणारी यंत्रे तयार करण्याचा आहे. तिची 'अ‍ॅक्सपर्ट' मालिका देशोदेशी निरनिराळ्या नावांनी गेली. दक्षिण आफ्रिकेत २००८ च्या सुमारास सुरू झालेले आणि २०२३ मध्ये पराकोटीस पोहोचलेले वीजभारनियमन या यंत्रांच्या प्रसारास कारणीभूत झाले. तेथे याच मालिकेतील यंत्रे 'मेसर' या स्थानिक नाममुद्रेनेही विकली गेली. दुसरे उदाहरण चीनमधील निंगबो येथील डेये या कंपनीचे. तिने घडविलेली यंत्रे तिच्या स्वतःच्या नावाने विकली जातात. तशीच ती दक्षिण आफ्रिकेत व ब्रिटनमध्ये 'सन्सिंक' या नावाने आणि अमेरिकेत 'सोल-आर्क' या नावाने विकली गेली आहेत.

नावे भिन्न असता मूळ एक, हे सिद्ध कसे करावयाचे? येथे तौलनिक भाषाशास्त्राशी साम्य असलेली एक पद्धती उपयोगी पडली. इन्व्हर्टर हे यंत्र संगणकाशी संवाद करते, आणि त्या संवादाला ठराविक शब्दसंग्रह असतो. व्होल्ट्रॉनिकच्या यंत्रास त्याची सद्यःस्थिती विचारावयाची असेल तर 'क्यूपीआयजीएस' ही आज्ञा पाठवावी लागते. वेगवेगळ्या नावांची यंत्रे वापरणाऱ्या हौशी तंत्रज्ञांना असे आढळले की, हीच आज्ञा सर्वांना कळते आणि उत्तरातील आकडेही त्याच क्रमाने येतात. डेये, सन्सिंक व सोल-आर्क यांच्या यंत्रांतही अंतर्गत नोंदींचे क्रमांक मोठ्या प्रमाणावर जुळतात. अक्षरांच्या अशा स्वैर संकेतांचे साम्य योगायोगाने घडत नाही.

तथापि शब्दसाम्य म्हणजे कुलसाम्य नव्हे. मराठीत फार्सी शब्द विपुल आहेत. म्हणून मराठी ही फार्सीची कन्या ठरत नाही. अ‍ॅक्सपर्टची नक्कल करणाऱ्या यंत्रांनी त्याच्या आज्ञाही उचलल्या आहेत. तेव्हा मूळ आणि उसनवार यांतील भेद ओळखण्यास अधिक सूक्ष्म प्रमाण हवे. पोथ्यांची कुळे ठरविताना पाठचिकित्सक शुद्ध पाठांपेक्षा सामाईक चुकांवर अधिक विसंबतो. कारण शुद्ध पाठ अनेक पोथ्यांत स्वतंत्रपणे टिकून राहू शकतो, परंतु तीच विचित्र चूक दोन लेखक स्वतंत्रपणे सहसा करीत नाहीत. अ‍ॅक्सपर्ट मालिकेत असे एक प्रमाण उपलब्ध झाले. बॅटरी पूर्ण भरण्यापूर्वीच यंत्राने 'फ्लोट', म्हणजे केवळ भरणा टिकवून धरण्याच्या अवस्थेत जावे, असा दोष काही यंत्रांच्या अंतर्गत आज्ञावलीत होता. तो निरनिराळ्या नाममुद्रांच्या यंत्रांत एकाच रूपात आढळला. जाणत्या वापरकर्त्यांनी त्या आज्ञावलीचे पृथक्करण करून दोष दुरुस्तही केला. पाटीवरील नाव जे सांगत नव्हते ते या चुकीने सांगितले.

हा शोध केवळ जिज्ञासेपुरता नाही, हे नोव्हेंबर २०२४ मधील घटनेने दाखवून दिले. त्या महिन्यात अमेरिकेतील काही घरांत बसविलेली, डेयेचे नाव धारण करणारी यंत्रे एकाएकी बंद पडली आणि त्यांच्या पडद्यावर हे यंत्र या देशात वापरण्यास अनुज्ञा नसल्याची सूचना झळकली. अमेरिकेत या यंत्रांच्या विक्रीचा अनन्य अधिकार सोल-आर्ककडे होता. त्या देशाच्या मानकांप्रमाणे प्रमाणित नसलेली यंत्रे अनधिकृत मार्गाने तेथे गेल्याचे निर्मात्याच्या बाजूने सांगण्यात आले. व्यापारी करार म्हणून या भूमिकेचे समर्थन करता येईल. परंतु ज्या गृहस्थाने पैसे मोजून यंत्र विकत घेतले त्याला यातून निराळाच बोध झाला. आपल्या भिंतीवरील यंत्र चालेल की नाही हे ठरविणारा हात कोठे आहे, हे पाटी वाचून कळत नाही. नाव बदलता येते. आज्ञावलीवरील सत्ता नावाबरोबर हस्तांतरित होत नाही.

भारतात या प्रश्नास एक निराळे वळण मिळाले. विद्युत्साहित्याच्या सक्तीच्या नोंदणीची जी पद्धत २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंना लागू झाली होती, तिच्याच धर्तीवर २०१७ च्या आदेशाने सौर उपकरणांचाही समावेश करण्यात आला. या पद्धतीत भारतीय मानक ब्यूरो नोंदणी देते ती विक्रेत्याच्या दुकानाला नव्हे, तर विशिष्ट कारखान्याला. आणि तो नोंदणीक्रमांक वस्तूवर छापावा लागतो. क्रमांकावरून निर्मात्यापर्यंत पोहोचता येते. १८८७ च्या कायद्याने जो कर्ता अनुक्त ठेवला होता तो येथे, सांकेतिक रूपाने का होईना, वाक्यात परत आला.

अर्थात् कर्ता एकच असतो असेही नाही. यंत्रातील अर्धवाहक घटक एकाचे, आराखडा दुसऱ्याचे, जुळणी तिसऱ्याची आणि हमी चौथ्याची, अशी आजची स्थिती आहे. सन्सिंक किंवा सोल-आर्क ही नावे केवळ पोकळ चिठ्ठ्या आहेत असेही म्हणता येत नाही. दुरुस्ती, प्रमाणपत्रे आणि ग्राहकाची तक्रार यांचा भार त्यांनाच वाहावा लागतो. म्हणून 'खरा निर्माता कोण' या प्रश्नाचे उत्तर एका नावात न शोधता, घडविले कोणी, आज्ञावली कोणाच्या हाती आणि उत्तरदायी कोण, असे त्याचे तीन भाग करणे युक्त होय. पूर्वी या तिन्हींचे उत्तर एकच असे, म्हणून एक नाव पुरत असे. आता उत्तरे तीन आहेत आणि पाटीवर अजूनही ठळकपणे एकच नाव छापले जाते.