गाठीभेटी आणि व्यवहार
(बारामती-इंदापूरच्या इतिहासातून)

मंडळी, बाजाराच्या दिवशी आपण तालुक्याला जातो ते काय नुसते मीठ-मिरची आणायला? घरात मीठ असले तरी माणूस जातोच. चार ओळखीचे भेटतात, कुणाच्या विहिरीला पाणी लागले ते कळते, कुणाचा बैल विकायचा आहे ते कळते. घरची माणसे म्हणतात, गेला गप्पा मारायला. पण या गप्पांतूनच आपल्या मुलखाचा बराचसा इतिहास घडलेला आहे, आणि आज मी तोच आपल्यापुढे मांडणार आहे.

बारामती आणि इंदापूर हे मूळचे अवर्षणाचे तालुके. 1876-77 च्या दुष्काळाने हा भाग होरपळून निघाला. पुढे भाटघरच्या धरणाचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्यात आले, 1885 साली. आता पाणी आले म्हणजे लगेच ऊस आला असे मात्र नाही हं! उसाला पेंड लागते, बैल लागतात, गुऱ्हाळ लागते, आणि वर्षभर कळ काढायला पैसा लागतो. तो पैसा कुठून येणार? सासवडकडच्या माळी मंडळींना उसाची विद्या होती. ती मंडळी कालव्याच्या काठाने खाली सरकली, इथल्या जमिनी खंडाने करू लागली. त्यांचे पाहून आपले लोक शिकले. बांधावर उभे राहून, विचारून, पाहून शिकले. 1914 साली दौंड-बारामती ही अरुंद रुळांची रेल्वे झाली आणि गुळाच्या ढेपांना बाहेरची वाट मिळाली.

गूळ निघाला की तो अडत्याकडे. अडत्याने आधीच उचल दिलेली असे. आणि ही उचल कशावर? गहाणखतापेक्षा पुष्कळदा ओळखीवर. ‘हा अमक्याचा मुलगा, मी त्याच्या बापाला ओळखतो’ एवढे एक वाक्य तारण म्हणून चाले. हे चांगलेच होते. पण जिथे ओळख हेच तारण, तिथे ज्याची ओळख नाही त्याने काय करावे?

शिवाय समोरासमोरच्या सौद्यातही एक मेख असे. दलाल आणि खरीददार एकमेकांचा हात धरत, वर उपरण्याचा किंवा धोतराचा पदर टाकत, आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरे. माल पिकवणारा शेजारीच उभा, दोन हातांवर, पण त्याला भाव दिसत नसे, ऐकू येत नसे. नंतर हातात पट्टी पडे, तीत हमाली, तोलाई, कडता वजा केलेला. म्हणजे भेट झाली खरी, पण ती दोघांची. तिसरा, ज्याचा माल तो, भेटीबाहेरच! 1939 साली मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला आणि नियंत्रित बाजारांत उघड लिलावाची रीत येऊ लागली. पदर बाजूला होणे ही माझ्या मते लहान गोष्ट नव्हे. कालव्याच्या खालोखाल मी तिला मोजतो.

आता जरा मोठ्या व्यवहारांकडे वळू. वालचंदनगर आपल्या इंदापूर तालुक्यातले. कळंबच्या माळरानावर उसाचे मळे उभे राहिले, आणि 1932 साली साखरेला संरक्षण मिळाल्यावर तिथे साखर कारखाना झाला. त्याचे जनक वालचंद हिराचंद, 1882 साली सोलापुरात जन्मलेले. त्यांचा धंदा वाढला कसा हे पाहण्यासारखे आहे. लक्ष्मणराव फाटक नावाचे गृहस्थ रेल्वेत कारकुनी केलेले. त्यांना कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांच्या मागे घराण्याची पत होती. दोघांची गाठ पडली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका त्यांनी मिळून घेतला. पुढे 1919 साली वालचंदांना ‘लॉयल्टी’ हे जहाज विकाऊ असल्याची खबर लागली. ती आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका इंग्रजाकडून, असे सांगतात. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ते जहाज घेऊन सिंदिया कंपनी निघाली आणि 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले.

तिसरी गाठ तर अधांतरीच पडली! 1939 साली वालचंद अमेरिकेहून परतत होते. प्रशांत महासागरावरून जाणाऱ्या विमानात त्यांना विल्यम पॉली भेटले. हे पॉली चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना चालवीत. प्रवास लांबचा, बोलायला वेळ भरपूर. त्या बोलण्यातून डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचे नाही, असे वालचंदांनी ठरवले असते तर?

पण गुरुजी, मुलांना हे सांगताना दुसरी बाजूही सांगा. विमानात भेटलेले दोघे तोलामोलाचे होते. साखर कंपन्यांना जमीन खंडाने देणारा शेतकरी कंपनीच्या माणसासमोर बसला तेव्हा तोल तसा नव्हता. एकाजवळ वकील, एकाजवळ अंगठा. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर या शेतजमिनी सरकारकडे गेल्या, 1963 साली शेती महामंडळ झाले, आणि मूळ खंडकऱ्यांना आपल्या जमिनीसाठी पुढे कित्येक वर्षे झगडावे लागले.

मग शेतकऱ्याने तोल कसा आणला? एकेकट्याने नव्हे. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडले, ओट्यावर बसले, भाग गोळा केले. धनंजयराव गाडगीळ पाठीशी राहिले आणि 1950 साली तिथला सहकारी कारखाना सुरू झाला. त्याच दशकात आपल्याकडे बारामती तालुक्यात माळेगावचा आणि इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा असे सहकारी कारखाने उभे राहिले. भाग घ्या म्हणून कागद पाठवून कोण पैसे देणार होते? दारात ओळखीचा माणूस आला, त्याने स्वतःचा भाग आधी भरल्याचे सांगितले, तेव्हा कुठे ट्रंकेचे कुलूप निघाले.

जनावरांच्या काही बाजारांत हात पदराखाली घालून बैलाचा भाव करण्याची पद्धत आजही दिसते. गुरुजी, एखाद्या बाजारी मुलांना तिकडे न्या. दलालाला म्हणावे, ‘बाबा, कुठल्या बोटाचा काय भाव ते आम्हांला पदर काढून दाखवा.’ तो आधी हसेल, मग दाखवील. मुलांना ते वहीत काढून घेऊ द्या.