ख्मेर भाषा: एका दगडावरच्या दोन भाषा

अंगकोर वाटचं नाव निघालं की आपल्याकडे लगेच म्हटलं जातं, 'ते तर आपलंच!' अंगकोर हा शब्द संस्कृत 'नगर'वरून आला, हे खरंच आहे. पण तिथली माणसं बोलत कोणती भाषा होती? आज तेवढंच पाहू.

कंबोडियाची ख्मेर ही ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली. आपल्या देशातल्या खासी आणि संथाळी या तिच्या दूरच्या नातलग. लिपी मात्र दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीवरून घडली. तारीख असलेला सर्वांत जुना ख्मेर शिलालेख अंगकोर बोरेईचा, इ.स. 611 मधला.

त्या काळच्या आणि पुढच्या अनेक लेखांत एकाच दगडावर दोन भाषा दिसतात. त्यांनी कामं वाटून घेतली आहेत. देवाची आणि राजाची स्तुती संस्कृत श्लोकांत. देवळाला जमीन किती दिली, सेवक कोणकोण दिले, ही यादी ख्मेरमध्ये, कित्येकदा सेवकांच्या नावांसकट. या सेवकांसाठीचा जुना शब्द 'क्ञुम्'. आज त्याचाच 'ख्ञोम' झालाय आणि अर्थ आहे 'मी'. नम्रपणे स्वतःला सेवक म्हणता म्हणता ते सर्वनामच होऊन बसलं!

साम्बोरच्या ख्मेर लेखात शके 605, म्हणजे इ.स. 683, असा आकडा आहे. शून्याच्या जागी टिंब. हा शक आपल्या पंचांगातलाच. पण मोजणी त्यांची स्वतःची. पाच म्हणजे 'प्राम', एक म्हणजे 'मुओय', आणि सहा म्हणजे 'प्राम-मुओय', पाच नि एक.

उच्चारांचंही तसंच. ग, ज यांसारख्या अक्षरांचा घोष उच्चार काळाच्या ओघात गेला. अक्षरं राहिली, फरक पुढच्या स्वरात उतरला. म्हणून 'भाषा'ची झाली 'फिएसा', 'गुरू'चा झाला 'क्रू'. थाई किंवा व्हिएतनामीसारखे अर्थ बदलणारे सूर मात्र प्रमाण ख्मेरमध्ये नाहीत.

व्याकरणात लिंग नाही, विभक्ती नाही, क्रियापद चालवणं नाही. 'काएत' म्हणजे जन्मणं. शब्दाच्या पोटात 'म्न' घातलं की 'कॉमनाएत', जन्म. ही रीत संस्कृतची नव्हे.

तेव्हा लिपी, शक, शेकडो शब्द इथून गेले, पण भाषेची हाडं तिथलीच राहिली. अंगकोरचा इतिहास वाचताना वरच्या श्लोकांवर थांबलो, तर आपल्याला फक्त राजे भेटतील. देऊळ ज्यांच्या कष्टावर चाललं, ती माणसं खालच्या ख्मेर यादीत आहेत.