घरगुती फळ-हवाबंदीकरण : कृती आधी, कारण नंतर

प्रस्तावना

फळे टिकविण्याचे बहुतेक पारंपरिक उपाय फळाचे रूप पालटून टाकतात. वाळविलेले फळ चिवट होते, मिठात घातलेले खारट होते, पाकात मुरविलेले गोडाचा पदार्थ होते. ताजे फळ बरेचसे त्याच्या मूळ रूपात वर्षभर राखण्याची युक्ती त्या मानाने अगदी अलीकडची, जेमतेम सव्वादोनशे वर्षांची आहे. काचेच्या बरणीत फळ भरावयाचे, झाकण लावून ती उकळत्या पाण्यात ठराविक वेळ ठेवावयाची आणि निवताना झाकण घट्ट बसू द्यावयाचे, एवढीच ती कृती. डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखानदारीचा इतिहास विपुल लिहिला गेला; घरातील या कृतीला त्यात सहसा तळटीपेपुरती जागा मिळते. प्रस्तुत लेखात या घरगुती बाजूचा मागोवा घेतला आहे. ही कृती घराघरांत यशस्वी झाली ती मुख्यतः फळाच्या अंगच्या आंबटपणामुळे; हे कारण शतकभर कोणास उमगले नाही, आणि ते न उमगल्याची किंमत काही कुटुंबांनी जिवानिशी मोजली, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

आपेर, गे-ल्यूसॅक आणि मेसन

निकोलस आपेर हा पॅरिसमधील मिठाई बनविणारा कारागीर. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने रुंद तोंडाच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे तारेने आवळून, त्या पाण्यात उकळण्याचे प्रयोग केले. आपली पद्धत ग्रंथरूपाने जाहीर करण्याच्या अटीवर फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले आणि १८१० मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. नौदल आणि सैन्य यांच्या गरजेशी आपेरचे नाव नेहमी जोडले जाते. परंतु त्याची पद्धत बाटली, बूच, कढई आणि विस्तव एवढ्यावर भागत असल्याने ती मुळातच कोणत्याही स्वयंपाकघरात शक्य होती.

ती का यशस्वी होते, हे आपेरला सांगता येत नव्हते. रसायनशास्त्रज्ञ गे-ल्यूसॅक याने त्या बाटल्या तपासल्या. आत ऑक्सिजन नसल्याचे आढळताच हवेचा अभाव हेच अन्न टिकण्याचे कारण असा निर्वाळा त्याने दिला. सूक्ष्मजीवांचे कार्य लुई पाश्चर याने १८६० च्या सुमारास सिद्ध केले, तोवर हेच स्पष्टीकरण प्रमाण मानले गेले. स्पष्टीकरण चुकीचे होते, पण बाटल्यांतील फळे टिकत होती. त्यामुळे त्याविषयी शंका घेण्याचे निकडीचे कारण कोणापुढे नव्हते.

घरगुती प्रसाराला खरी गती दिली ती बरणीच्या झाकणाने. जॉन लँडिस मेसन या अमेरिकी कारागिराने ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आट्यांची काचबरणी आणि तिचे फिरकीचे जस्ती झाकण यांचे पेटंट घेतले. बूच, मेण आणि लाख यांची खटपट संपली आणि तीच बरणी पुनःपुन्हा वापरता येऊ लागली. पेटंटची मुदत संपल्यावर अनेक कारखाने अशा बरण्या काढू लागले; पेटंटची ती तारीख पुढे अनेक दशके बरण्यांवर उमटत राहिली. मेसन स्वतः १९०२ मध्ये दारिद्र्यात वारला. आपेरचाही शेवट विपन्नावस्थेतच झाला होता.

आंबटपणाचा हिशेब

येथे थोडे शास्त्र पाहणे आवश्यक आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू हवेविना वाढतो आणि अत्यंत घातक विष निर्माण करतो. बेल्जियममधील एलझेल या गावी १८९५ मध्ये खारविलेल्या मांसातून झालेल्या विषबाधेचा अभ्यास करून एमिल व्हान एरमेंगेम याने तो वेगळा केला. त्याचे बीजाणू १०० अंश सेल्सियसला तासन्‌तास तग धरू शकतात. त्यांच्या नाशासाठी दाबाखालील वाफेचे सुमारे १२१ अंश तापमान लागते. मात्र सामू ४.६ किंवा त्याहून कमी असलेल्या, म्हणजे पुरेशा आंबट पदार्थात ते रुजत नाहीत. सफरचंद, पीच, चेरी, जर्दाळू ही फळे सामान्यतः या मर्यादेत बसतात. अशा फळांत वाढू शकणारे किण्व, बुरशी व इतर जिवाणू उकळत्या पाण्याच्या उष्णतेनेच मरतात. पाकातील साखर रंग व पोत राखते. सुरक्षिततेसाठी तिची गरज नसते.

घेवडा, मका, बटाटा यांना हे संरक्षण नाही. त्यांच्या बरणीतील बीजाणू उकळण्यातून वाचतात आणि पुढे त्यांना नेमकी हवी ती हवारहित जागा मिळते. गे-ल्यूसॅकने जिला अन्नाची रक्षक ठरविले, तीच अवस्था येथे विषाला पोषक ठरते.

मुलींची मंडळे आणि युद्धकाळ

दक्षिण कॅरोलायनातील एकेन परगण्यात १९१० मध्ये मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचे टोमॅटो मंडळ सुरू केले. प्रत्येक मुलीने एक-दशांश एकरात टोमॅटो लावावेत, ते डब्यांत भरावेत, विकावेत आणि हिशेब ठेवावा, अशी योजना होती. ग्रामीण मुलींच्या हाती स्वतःच्या कमाईचा पैसा येण्याची ती दुर्मीळ वाट होती. या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने अशा विस्तारकार्याला कायमचा सरकारी आधार दिला. दोन्ही महायुद्धांत कारखान्यांतील डबे सैन्याकडे वळले, तेव्हा घरच्या बरण्या भरणे हे राष्ट्रकर्तव्य म्हणून बिंबविले गेले. १९४२ पासून साखरेचे नियंत्रण असतानाही फळे भरण्यासाठी जादा साखर मिळत असे.

या मोहिमांनी गृहिणीच्या हाती कारखान्याची जबाबदारी दिली, कारखान्याची साधने दिली नाहीत. कारखान्यात दाबपात्र आणि तापमापक होते, घरी कढई होती. शिवाय भाज्या उकळत्या पाण्यात काही तास ठेवल्या की पुरे, असे सरकारी पत्रकांतूनही पहिल्या महायुद्धाच्या काळात सांगितले गेले. एस्टी आणि मेयर यांनी बीजाणूंच्या उष्णतासहनाचे मापन १९२२ मध्ये प्रसिद्ध केले, त्यानंतर दाबपात्राचा आग्रह दृढ झाला. तरीही जुनी सवय टिकून राहिली. ओहायो राज्यातील एका चर्चच्या सहभोजनात एप्रिल २०१५ मध्ये २९ जणांना विषबाधा झाली आणि एकजण दगावला. घरी केवळ उकळत्या पाण्यात बरणीबंद केलेल्या बटाट्यांचे सॅलड हे त्याचे कारण होते.

आणि टोमॅटो? तो नेमका सीमेवर आहे. काही टोमॅटोंचा सामू ४.६ च्या वर जातो, म्हणून लिंबूरस किंवा सायट्रिक आम्ल घालूनच बरणी भरावी, अशी सूचना आता अमेरिकी मार्गदर्शिकेत असते.

मराठी स्वयंपाकघर

आपल्याकडे ही कृती घरगुती म्हणून रुजली नाही. मोरंबा, साखरांबा, आंबापोळी, आमसूल, लोणचे यांची भिस्त साखर, मीठ, ऊन आणि आंबटपणा यांवर आहे, घट्ट झाकणावर नाही. आमसुलाचा डबा रोज उघडला तरी बिघडत नाही. उघडलेली पीचची बरणी थोड्याच दिवसांत संपवावी लागते. उन्हाळ्यात कडक ऊन हमखास मिळणाऱ्या प्रदेशाने बरणी आणि विस्तव यांवर खर्च का करावा, हा प्रश्न रास्तच आहे. याला मागासलेपण म्हणणाऱ्या विवेचनाशी प्रस्तुत लेखक सहमत नाही.

अपवाद आहे तो कोकणातील आमरसाचा. हंगामात घरचे हापूस लहान प्रक्रिया केंद्रावर नेऊन, मजुरी देऊन रसाचे डबे भरून आणण्याची रीत तेथे आहे. घर आणि कारखाना यांच्या मधली ही व्यवस्था आहे: फळ घरचे, दाबयंत्र आणि झाकण मारण्याचे यंत्र केंद्राचे. आंबा पिकत जातो तसा त्याचा आंबटपणा उतरतो आणि पूर्ण पिकलेल्या फळाचा सामू सुरक्षित मर्यादेच्या वर जाऊ शकतो. म्हणूनच अमेरिकी घरगुती मार्गदर्शिका बरणीसाठी कच्चा आंबा घेण्यास सांगते, आणि येथे पिकल्या आंब्याच्या रसात डबा बंद करण्यापूर्वी सायट्रिक आम्ल मिसळले जाते.