कंटेनर इमेज छोटी आणि सुरक्षित कशी बनवायची?

भाईंदर पूर्वेच्या एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे, असं समजा. पत्र्याची आवक, भांड्यांची जावक, जीएसटीची बिलं आणि कामगारांचा पगार हा सगळा हिशेब गाळ्यातल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर ईआरपीनेक्स्टमध्ये ठेवलेला आहे. मालकाच्या भाच्याने एका रविवारी डॉकर टाकलं, तयार इमेज उतरवली आणि संध्याकाळपर्यंत पहिलं बिल छापून दाखवलं.

याला सेल्फ-होस्टिंग म्हणतात, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच्या मशीनवर चालवायचं. भाडं वाचतं आणि डेटा आपल्याकडे राहतो. पण त्याबरोबर त्याची राखणही आपल्याच गळ्यात पडते. त्या इमेजमध्ये नेमकं काय काय भरलंय, हे भाच्याने पाहिलेलं नसतं. बहुतेक कुणीच पाहत नाही.

इमेज म्हणजे काय?

प्रोग्रॅम चालायला जे जे लागतं (भाषेचा रनटाइम, लायब्ररी, सेटिंग्ज, लिनक्सच्या मूळ फायली) ते सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं म्हणजे इमेज. ते चालू केलं की कंटेनर तयार होतो. डॉकर २०१३ साली लोकांसमोर आलं आणि ही पद्धत सगळीकडे पसरली.

कंटेनर म्हणजे वेगळा कॉम्प्युटर नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. त्याला स्वतःचा कर्नल नसतो, तो तुमच्याच मशीनचा कर्नल वापरतो. चाळीतल्या खोल्यांसारखं समजा: दार प्रत्येकाचं वेगळं, पाया एकच.

खोडलं तरी राहतं

इमेज थराथरांनी बनते. डॉकरफाईलमधल्या फाईल बदलणाऱ्या प्रत्येक ओळीचा एक थर होतो आणि एकदा झालेला थर बदलत नाही. पहिल्या ओळीत ३०० एमबीची फाईल आणली आणि दुसऱ्या ओळीत पुसली, तरी इमेज ३०० एमबीने जडच राहते. पुसणं म्हणजे वहीच्या पानावर कोरा कागद चिकटवणं. खालचं पान तसंच असतं.

जागेपेक्षा मोठा घोटाळा इथे पासवर्डचा होतो. 'इथलं सगळं कॉपी कर' अशी ओळ लिहिली की फोल्डरमधली 'डॉट एन्व्ह' फाईलही आत जाते आणि तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो. पुढच्या ओळीत ती पुसली तरी ज्याच्याकडे इमेज आहे, त्याला तो थर उघडून वाचता येतो. बिल्ड करताना आर्ग्युमेंट म्हणून दिलेला टोकनही 'डॉकर हिस्टरी' या कमांडमध्ये दिसू शकतो. म्हणून 'डॉट डॉकरइग्नोर' ही फाईल आधी लिहा, डॉकरफाईल नंतर. बिल्डच्या वेळी गुपित लागणारच असेल, तर बिल्डकिटची सीक्रेट माउंटची सोय वापरा. तिच्यातून दिलेली किल्ली थरात उरत नाही. आणि अशी इमेज एकदा सार्वजनिक झाली असेल, तर ती डिलीट करून भागत नाही, पासवर्डच बदलावा लागतो.

इमारत झाली की परांची उतरवा

ईआरपीनेक्स्ट बनवणारी फ्रॅपे ही कंपनी मुंबईचीच. रुषभ मेहता यांनी ती सुरू केली. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली आहे आणि त्याच्या इमेज कशा बनतात, हे गिटहबवर 'फ्रॅपे डॉकर' या प्रकल्पात कुणालाही वाचता येतं. शिकायला यापेक्षा जवळचं उदाहरण मिळणार नाही.

तिथल्या प्रॉडक्शन इमेजची रचना पाहा. आधी पायथनच्या 'स्लिम' इमेजवर एक पाया तयार होतो. त्यात चालायला लागणाऱ्या गोष्टी आणि 'फ्रॅपे' नावाचा साधा युजर असतो. मग त्या पायावर वेगळ्या टप्प्यात कंपायलर आणि इतर अवजारं येतात, ॲप्स उतरवून बांधली जातात. गिटचा इतिहास साठवणारी फोल्डर तिथेच काढून टाकली जातात. शेवटी पुन्हा मूळ स्वच्छ पाया घेऊन त्यावर फक्त बांधून झालेलं सामान कॉपी केलं जातं. कंपायलर मागेच राहतो.

इमारत झाल्यावर बांबूची परांची उतरवतात, तसंच हे. याला मल्टी-स्टेज बिल्ड म्हणतात आणि डॉकरमध्ये ही सोय २०१७ पासून आहे. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा. बाकीच्या युक्त्या (पॅकेज टाकताना 'रेकमेंडेड' पॅकेजं वगळणं, यादी आणि कॅशे त्याच ओळीत पुसणं) चांगल्या आहेत, पण फरक मुख्यतः इथे पडतो. पायथनची पूर्ण इमेज डिस्कवर सुमारे १ जीबी घेते, स्लिम दीडशे एमबीच्या आसपास. गाळ्यात मोबाइल डेटावर इंटरनेट चालत असेल, तर हा फरक लगेच कळतो.

अल्पाइन घ्यावं का?

सोशल मीडियावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'अल्पाइन वापरा'. अल्पाइन लिनक्सची इमेज दहा एमबीच्याही आत असते, हे खरं. पण ती 'मसल' ही वेगळी सी लायब्ररी वापरते, तर डेबियन आणि उबुंटू 'जीलिबसी' वापरतात. त्यामुळे पायथनची बरीच तयार पॅकेजं अल्पाइनवर पूर्वी चालतच नसत, सगळं नव्याने कंपाइल करावं लागे. २०२१ पासून मसलसाठी तयार पॅकेजांचा वेगळा प्रकार आला, तरी सगळ्यांनी तो दिलेला नाही. पायथनसाठी माझी पसंती स्लिमलाच. गो भाषेतला एकसंध प्रोग्रॅम असेल, तर 'स्क्रॅच' म्हणजे पूर्ण रिकामा पाया किंवा गूगलची डिस्ट्रोलेस इमेज उत्तम. तिच्या नेहमीच्या आवृत्तीत शेलच नसतो. आत घुसलेल्याला कमांड चालवायला काही सापडत नाही. तुम्हालाही सापडत नाही, हे पहिल्या बिघाडाच्या दिवशी कळतं.

फार सोललं की काय तुटतं?

हा भाग इंग्रजी मार्गदर्शनात क्वचित येतो आणि आपल्याला तोच नडतो.

पहिलं, फाँट. बारीक इमेजमध्ये देवनागरी फाँट सहसा नसतो. ब्राउझरमध्ये मराठी नीट दिसतं, कारण तिथे फाँट तुमच्या कॉम्प्युटरचा असतो. पण पीडीएफ बनते कंटेनरच्या आत, आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी रिकामे चौकोन छापले जातात. डेबियनमध्ये लोहित देवनागरी किंवा नोटो फाँटचं पॅकेज घातलं की हे सुटतं. थोडे एमबी वाढतात, वाढू द्या.

दुसरं, वेळ. टाइमझोनची माहिती अल्पाइनमध्ये मुळात नसते. 'आशिया/कोलकाता' असं लिहिलं तरी अनेक प्रोग्रॅम तक्रार न करता यूटीसी धरतात, म्हणजे साडेपाच तास मागे. स्वतः लिहिलेल्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये असं झालं आणि रात्रपाळीत १ एप्रिलला पहाटे दोन वाजता बिल काढलं, तर त्यावर ३१ मार्च छापलं जाईल. आर्थिक वर्षच बदललं!

तिसरं, सर्टिफिकेट. रिकाम्या पायावर विश्वासू सर्टिफिकेटांची यादी नसते, मग बाहेरच्या कुठल्याही सुरक्षित साइटशी जोडणी होत नाही. अशा वेळी तपासणीच बंद करायचा सल्ला नेटवर मिळतो. तो ऐकू नका, यादीचं पॅकेज घाला.

रूट म्हणून चालवू नका

डॉकरफाईलमध्ये युजर सांगितला नाही, तर प्रोग्रॅम रूट म्हणून चालतो. २०१९ च्या फेब्रुवारीत 'रनसी' या कंटेनर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये असं भोक सापडलं, की कंटेनरमधल्या रूटला बाहेरच्या मशीनचा ताबा मिळू शकत होता. आत साधा युजर असेल, तर तो मार्ग बंद राहत होता.

साधा युजर ठेवला की डेटा फोल्डरवर 'परमिशन डिनाइड' येतं. मग लोक वैतागून पुन्हा रूट करतात किंवा फोल्डर सगळ्यांना खुलं करतात. त्याऐवजी फोल्डरची मालकी कंटेनरमधल्या युजरच्या क्रमांकाला द्या. काम एका ओळीचं आहे. आणि डॉकरचं सॉकेट कुठल्या कंटेनरला जोडत असाल, तर थांबा. ते देणं म्हणजे गाळ्याची किल्लीच देणं.

छोटी म्हणजे सुरक्षित?

नाही. सामान कमी म्हणजे भोकं कमी, एवढंच. २०१९ मध्येच कळलं, की अल्पाइनच्या ३.३ पासूनच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये रूटचा पासवर्ड रिकामा होता. डिसेंबर २०२१ चा लॉग४शेल हा दोष तर जावा ॲपच्या आतल्या लायब्ररीत होता. पाया कितीही बारीक असता, तरी त्याने वाचवलं नसतं.

ईआरपीनेक्स्टच्या या इमेजमध्ये पीडीएफसाठी डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हे साधन आलेलं आहे. त्या साधनाचा मूळ प्रकल्प २०२३ च्या जानेवारीत बंद करून ठेवला गेला. बिल छापायचं म्हणून असं जुनं साधन ठेवावं लागतं, आणि त्याला बाहेरच्या अनोळखी माणसाने दिलेला मजकूर छापायला देऊ नये, एवढं आपल्या हातात असतं.

म्हणून इमेज ट्रिव्ही किंवा ग्राइपसारख्या स्कॅनरमधून काढा. पहिल्यांदा लांबलचक यादी येईल. घाबरू नका, ज्यांची दुरुस्ती उपलब्ध आहे आणि गंभीर आहेत, ती आधी पाहा. इमेज आपोआप जुनी होते, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी पाया नव्याने उतरवून ती पुन्हा बांधा. 'लेटेस्ट' या टॅगवर विसंबू नका, तो आज एका इमेजकडे आणि उद्या दुसऱ्याच इमेजकडे बोट दाखवतो. नेमकी आवृत्ती लिहा, शक्य असेल तर ६४ अक्षरांचा डायजेस्टही. नवी इमेज चालू करण्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या. ईआरपीनेक्स्टची आवृत्ती बदलताना डेटाबेसची रचनाही बदलते, आणि त्यानंतर नुसती जुनी इमेज लावून मागे येता येत नाही.