अश्वशक्ती : कागदावरची आणि रस्त्यावरची

दोन वस्तूंची तुलना करायची तर दोन्हींचे मोजमाप एकाच पद्धतीने व्हायला हवे, हे आपण प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. हा नियम मोडल्यावर होणाऱ्या घोटाळ्याचे एक मजेदार उदाहरण अमेरिकी पोलिसांच्या मोटारींच्या इतिहासात सापडते.

कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांकडे १९६९ साली डॉज पोलारा ही मोटार होती. तिच्या ७.२ लिटर व्ही-८ इंजिनाची शक्ती ३७५ अश्वशक्ती सांगितली जाई. १९९४ सालच्या शेव्हरोले कॅप्रिस या पोलीस मोटारीचे इंजिन ५.७ लिटरचे आणि शक्ती २६० अश्वशक्ती. म्हणजे पंचवीस वर्षांत शक्ती जवळजवळ एकतृतीयांशाने घटली का? तसे म्हणता येणार नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत इंजिनाची शक्ती मोजताना हवेचा फिल्टर, जनित्र, सायलेन्सर यांचे ओझे बाजूला काढून ठेवीत. १९७२ पासून ही सारी उपकरणे जोडून मोजण्याची पद्धत रूढ झाली. इंजिन तेच, पण आकडा लहान!

मात्र सगळी घट कागदावरची नव्हती. १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे इंजिनांत खरेच बदल करावे लागले. शिसेविरहित पेट्रोल चालावे म्हणून संपीडन गुणोत्तर कमी केले गेले. मोटारींचे वजन मात्र लगेच घटले नाही. १९८० साली कॅलिफोर्नियाच्या पोलिसांना मिळालेली डॉज सेंट रेजिस मोठी आणि जड होती. राज्याच्या कडक प्रदूषण नियमांमुळे तिला ५.२ लिटरच्या इंजिनावर भागवावे लागले. वेगाने पळणाऱ्यांना गाठणे पोलिसांना अवघड होऊ लागले. अखेर १९८२ मध्ये त्यांनी हलकी फोर्ड मस्टँग घेतली.

मग खरी तुलना करायची कशी? मिशिगन राज्याच्या पोलिसांनी १९७० च्या दशकात याची पद्धत बसवली. सर्व मोटारी एकाच ठिकाणी, एकाच निकषांवर पळवायच्या. वेग घेण्यास लागणारा वेळ, कमाल वेग, ब्रेक, वळणांवरील ताबा आणि आतली बैठक या साऱ्यांना गुण द्यायचे. या चाचण्यांत १९९४ ची कॅप्रिस ताशी सुमारे १४१ मैल, म्हणजे २२७ किलोमीटर वेगाने धावली. इंधनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यामुळे प्रदूषणाचे नियम पाळूनही हे साधले.

कमाल वेगालाच सारे गुण का देत नाहीत? हवेचा रोध भेदण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शक्ती दुप्पट केली तरी कमाल वेग जेमतेम २६ टक्क्यांनी वाढतो. उलट वेग दुप्पट झाला तर थांबताना ब्रेकना चौपट ऊर्जा शोषावी लागते. पाठलाग करणाऱ्या पोलिसाचा आणि रस्त्यावरच्या पादचाऱ्याचाही जीव या चौपटीवर अवलंबून असतो.

जाहिरातीतला कोणताही आकडा समोर आला की विद्यार्थ्यांनी आधी एवढेच विचारावे : हे मोजले कसे?