शुश्रूषेची बदलती रीत

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या ठिकाणी ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, असेही तेथे म्हटले आहे. शास्त्रात एवढी प्रतिष्ठा पावलेले हे काम व्यवहारात मात्र दीर्घकाळ हलके मानले गेले. परक्या पुरुषाची सेवा करणे, कोणत्याही जातीच्या रोग्यास स्पर्श करणे कुलीन स्त्रीस शोभत नाही, अशी समजूत होती. १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तेथील स्त्रिया, त्यांत विधवाही होत्या, ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा या समजुतीस मोठा धक्का बसला.

त्या काळी गुणकारी औषधे थोडी होती. भिस्त सारी शुश्रूषेवर. विषमज्वराचा रोगी तीन-तीन आठवडे अंथरुणास खिळलेला असे. ओल्या फडक्याने त्याचे अंग पुसणे, पाठीस शय्याव्रण होऊ न देणे, पातळ अन्न चमच्याने भरविणे आणि तापाचा चढउतार तक्त्यावर टिपणे, यांवर त्याचे जगणे अवलंबून असे. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलीन आणि स्ट्रेप्टोमायसिन आले व चित्र पालटले. प्रारंभी पेनिसिलीनची सुई दर तीन-चार तासांनी टोचावी लागे. काचेच्या पिचकाऱ्या उकळून सिद्ध ठेवणे हे परिचारिकेचे नित्यकर्म झाले. क्षयरोग्याने आरोग्यधामातच राहिले पाहिजे, हा दंडकही टिकला नाही. घरी राहून औषध घेणारे रोगीही तितकेच बरे होतात, असे मद्रास येथील प्रयोगाने १९५९ साली दाखवून दिले. शुश्रूषा रुग्णालयाचा उंबरठा ओलांडून घरोघर जाऊ लागली.

या बदलांचा लाभ आदिलाबादसारख्या अरण्यमय जिल्ह्यास व्हावा, तर मनुष्यबळ हवे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती; निजामी अमलाखालील या डोंगराळ मुलखात स्थिती याहून बरी असण्याचे कारण नव्हते. स्वातंत्र्यानंतर सहायक परिचारिका-प्रसाविकांचे शिक्षण सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतील बाळंतपणास शिकलेला हात लाभू लागला. २००८ साली आदिलाबादेत रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय उभे राहिले. आता पिचकारी एकदा वापरून टाकून देण्याची, आणि नाडी, रक्तदाब व प्राणवायू यांची नोंद यंत्र ठेवते.

परंतु यंत्रास रोग्याचे बोलणे कळत नाही. या जिल्ह्यात गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू, उर्दू अशा नाना भाषा बोलणारी माणसे राहतात. उटनूरच्या डोंगरातून आलेल्या गोंड बाळंतिणीने रक्तस्राव वाढल्याचे आपल्या भाषेत सांगावे आणि उशाशी उभ्या असलेल्या परिचारिकेस ते उमगू नये, तर ते प्राणावर बेतू शकते. ज्ञान वाढले, दक्षतेच्या आणि शुचितेच्या जोडीस साधने आली. अनुरागाचे साधन मात्र अद्याप भाषा हेच आहे. म्हणून या पेशात येथल्या वाड्या-पाड्यांतील मुली अधिकाधिक याव्यात, आणि बाहेरून येणाऱ्या परिचारिकेने निदान रोग्याचे दुखणे समजण्यापुरती तरी त्याची बोली शिकावी. शुश्रूषेचा यापुढील पल्ला गाठावयाचा आहे तो याच वाटेने.